ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील विनंती-प्रतिसाद व्यवहार : कर्जत व खालापूर तालुक्यांतील ऑनलाइन सातबाऱ्याच्या संदर्भात

सारांश

सातबारा उतारा, प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षा शुल्क, निकाल अशी अनेक कामे आज ब्राउझरद्वारे होतात. ही कामे अडली की 'सर्व्हर डाऊन आहे' असे एकच कारण सांगितले जाते. वास्तविक ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील व्यवहार अनेक टप्प्यांत पार पडतो आणि प्रत्येक टप्प्यावरील अडचण वेगळी असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील एखाद्या गावाचा सातबारा मागविण्याचे उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखात हे टप्पे स्पष्ट केले आहेत. विनंतीची रचना, प्रतिसादाचे तीन अंकी संकेत, कुकीचे कार्य, विनंती पुन्हा पाठविण्यातील धोका, सुरक्षित वहन व डिजिटल स्वाक्षरी यांतील फरक आणि विलंबाची कारणे यांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : एचटीटीपी, ब्राउझर, सर्व्हर, सातबारा, कुकी, एचटीटीपीएस, डिजिटल स्वाक्षरी

प्रस्तावना

कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते, तर खालापूर हा पाताळगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश होय. भातशेती, घाटाखालच्या ठाकूर व कातकरी वाड्या, खोपोली व रसायनी येथील कारखानदारी आणि द्रुतगती महामार्गामुळे वाढलेले जमिनीचे व्यवहार यांमुळे या भागात सातबारा उताऱ्याचे महत्त्व फार आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, बोजा कोणता, पीक काय, हे त्यावरून समजते. पीककर्ज, खरेदीखत, वारसनोंद, भूसंपादनाची भरपाई यांपैकी कोणतेही काम या कागदावाचून पुढे सरकत नाही.

पूर्वी हा उतारा तलाठी कार्यालयातून हस्तलिखित स्वरूपात मिळत असे. संगणकीकरणानंतर तो 'महाभूलेख' या शासकीय संकेतस्थळावर माहितीसाठी विनामूल्य पाहता येऊ लागला. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून देण्यास राज्यात प्रारंभ झाला. त्यामुळे तलाठी सजेपर्यंतची पायपीट कमी झाली, हे निर्विवाद आहे. परंतु जुन्या व्यवहारात अर्ज कोणाकडे दिला, तो कोठे अडला, कोणाला विचारावयाचे, हे सामान्य माणसास ठाऊक होते. नव्या व्यवहारात अर्ज अडतो तो पडद्याआड. पडद्यावर फिरणारे चक्र पाहून तो कोठे अडला हे कळत नाही.

हीच स्थिती महाविद्यालयीन विद्यार्थ्याची आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी 'गेला की नाही' हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वर्षभराच्या शिक्षणाचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो. अशा वेळी विद्यार्थी प्रथम प्राध्यापकाकडे येतो. म्हणून संगणकशास्त्राशी संबंध नसलेल्या प्राध्यापकांनाही या व्यवहाराचे मूलभूत ज्ञान असणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्राउझर म्हणजे वाचकाच्या संगणकावरील अथवा मोबाइलवरील मागणी करणारा प्रोग्रॅम. सर्व्हर म्हणजे मागणीची वाट पाहत सतत सज्ज असणारा व मागितलेली माहिती पुरविणारा संगणक. या दोघांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, याचे नियम म्हणजे एचटीटीपी हा प्रोटोकॉल होय.

स्वित्झर्लंडमधील सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची कागदपत्रे निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली होती व ती एकमेकांशी जोडणे हा त्यामागील हेतू होता. १९९१ मधील पहिल्या एचटीटीपीमध्ये विनंती फक्त एका ओळीची असे आणि उत्तरात केवळ मजकूर येई. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले व विनामूल्य केले. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० आणि जानेवारी १९९७ मध्ये १.१ या आवृत्त्यांचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ आणि जून २०२२ मध्ये एचटीटीपी ३ ही प्रमाणके आली. एवढ्या आवृत्त्या झाल्या तरी मूळ कल्पना बदललेली नाही : एका बाजूने विनंती करावयाची, दुसऱ्या बाजूने त्या विनंतीस एक प्रतिसाद द्यावयाचा.

विनंतीपूर्वीचे टप्पे

कर्जत तालुक्यातील एक शेतकरी आपल्या गट क्रमांकाचा उतारा पाहण्यासाठी संकेतस्थळाचे नाव टंकित करतो, असे समजू. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचण्यापूर्वी तीन कामे व्हावी लागतात.

पहिले काम पत्ता शोधण्याचे. माणसे नावाने व्यवहार करतात, यंत्रे मात्र अंकांच्या पत्त्याने. नावावरून अंकपत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. जगातील सर्व नावांची एकच यादी कोठेही ठेवलेली नाही. डोंगरवाडीचे घर शोधताना जिल्हा, तालुका, गाव, वाडी अशा क्रमाने जावे, त्याप्रमाणे संकेतस्थळाच्या नावातील शेवटच्या भागापासून आरंभ करून एकेका पातळीवरील सर्व्हरला विचारत जावे लागते. एकदा मिळालेला पत्ता ठरावीक काळ जवळ जपून ठेवला जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी हा शोध करावा लागत नाही.

दुसरे काम संपर्क जोडण्याचे. ब्राउझर 'बोलावयाचे आहे' असा संदेश पाठवितो, सर्व्हर 'ऐकत आहे, आपणही ऐकत आहात ना' असे उत्तर देतो व ब्राउझर त्यास होकार देतो. टीसीपी या प्रोटोकॉलचा हा त्रिपदी आरंभ होय. मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविला जातो. प्रत्येक पुडक्याचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे हरवलेले पुडके पुन्हा मागविता येते.

तिसरे काम सुरक्षिततेचे. संकेतस्थळाच्या पत्त्यास एचटीटीपीएस असे आरंभीचे पद असेल, तर दोन्ही बाजू प्रथम एक गुप्त किल्ली ठरवितात व त्यापुढील सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो.

या तिन्ही कामांपैकी एखादे फसले, तर विनंती सर्व्हरच्या हाती पडलेलीच नसते. ब्राउझर त्यावेळी स्वतःचा संदेश दाखवितो. हा संदेश सर्व्हरचा नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

विनंतीची रचना

महाविद्यालयाच्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीशी या व्यवहाराची तुलना करता येते. आवक पत्रावर विषय, संदर्भ, पाठविणाऱ्याचे नाव व सोबत जोडलेली कागदपत्रे असतात. ब्राउझरच्या विनंतीचेही असेच भाग पडतात.

१. पहिली ओळ : तीत कोणती क्रिया हवी, कोणत्या पानावर हवी आणि एचटीटीपीची कोणती आवृत्ती वापरली आहे, हे नमूद असते.

२. शीर्षके : यांत कोणत्या संकेतस्थळाला विचारले आहे, विचारणारा ब्राउझर कोणता, कोणती भाषा चालेल, कोणत्या स्वरूपातील उत्तर वाचता येईल, यांसारखी माहिती असते. संकेतस्थळाचे नाव सांगणारे शीर्षक १.१ आवृत्तीत सक्तीचे झाले. एकाच अंकपत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदू शकतात, ती या शीर्षकामुळेच.

३. मुख्य मजकूर : अर्जात भरलेली माहिती, जोडलेले छायाचित्र अथवा दाखला यात जातो. केवळ पान पाहावयाचे असेल, तर हा भाग रिकामा असतो.

क्रियांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. 'गेट' म्हणजे असलेली माहिती दाखविण्याची विनंती. 'पोस्ट' म्हणजे दिलेली माहिती स्वीकारून तिच्यावर कार्यवाही करण्याची विनंती. नोंदवही पाहण्यास मागणे आणि नोंदवहीत नवी नोंद करण्यास सांगणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

सातबारा पाहताना जिल्हा रायगड निवडला की रायगडच्या १५ तालुक्यांची यादी समोर येते. कर्जत अथवा खालापूर निवडल्यावर त्या तालुक्यातील गावांची नावे दिसतात. नंतर गट क्रमांक अथवा खातेदाराचे नाव द्यावे लागते. वाचकास हे एकच पान वाटते, परंतु एखाद्या यादीसाठी ब्राउझरला पुन्हा सर्व्हरकडे जावे लागले, तर ती स्वतंत्र विनंती व स्वतंत्र प्रतिसाद ठरतो. शिवाय पानातील बोधचिन्ह, अक्षरांची ठेवण, मांडणी व प्रोग्रॅम यांच्या फाइली वेगळ्या मागवाव्या लागतात. म्हणजे एका उताऱ्यामागे अनेक विनंत्या जातात आणि त्यांतील एकही अडल्यास काम अर्धवट राहू शकते. गावांची यादी रिकामी दिसणे हा असाच एक प्रकार होय.

प्रतिसाद व त्यावरील शेरा

सर्व्हरच्या प्रतिसादातही पहिली ओळ, शीर्षके व मुख्य मजकूर असे तीन भाग असतात. पहिल्या ओळीत तीन अंकी संकेत असतो. कार्यालयीन टिपणीवरील शेऱ्यासारखेच त्याचे काम असते. पहिल्या अंकावरून शेऱ्याचा वर्ग समजतो.

दोनने आरंभ होणारे संकेत काम झाल्याचे सांगतात. २०० हा त्यांतील सर्वपरिचित होय. तीनने आरंभ होणारे संकेत ब्राउझरला आणखी काही करण्यास सांगतात. पान दुसऱ्या पत्त्यावर हलविले असल्यास ३०१ येतो. 'आपल्याजवळील प्रत अद्याप तीच आहे, पुन्हा पाठविण्याची गरज नाही' असे सांगण्यासाठी ३०४ येतो.

चारने आरंभ होणारे संकेत विनंतीत दोष असल्याचे दर्शवितात. मागितलेले पान नसल्यास ४०४, ओळख पटविणे आवश्यक असल्यास ४०१, परवानगी नसल्यास ४०३ आणि थोड्या वेळात फार विनंत्या केल्यास ४२९ हा संकेत मिळतो.

पाचने आरंभ होणारे संकेत म्हणजे विनंती योग्य असूनही सर्व्हर ती पूर्ण करू शकला नाही. ५०० म्हणजे आतील प्रोग्रॅममध्ये अनपेक्षित बिघाड. ५०३ म्हणजे सध्या भार जास्त आहे अथवा देखभाल चालू आहे. या उत्तरासोबत किती वेळाने पुन्हा यावे, हे सर्व्हरला शीर्षकातून सांगता येते. ५०२ व ५०४ हे संकेत मध्यस्थ सर्व्हर देतो. दर्शनी सर्व्हर सुरू असतो, पण त्याच्या मागील सर्व्हरकडून योग्य उत्तर आले नाही तर ५०२ आणि वेळेत आले नाही तर ५०४.

यावरून 'सर्व्हर डाऊन' या एका शब्दप्रयोगाखाली किती भिन्न परिस्थिती झाकल्या जातात, हे स्पष्ट होते. नाव सापडले नाही, संपर्क जुळला नाही, पत्ता चुकला, मुदत संपल्यामुळे पुन्हा प्रवेश करणे आवश्यक झाले, सर्व्हरवर भार पडला, मागील सर्व्हरकडून उत्तर आले नाही, या सहा गोष्टींचे उपाय सहा आहेत. ४०४ आला असता रात्रभर थांबून उपयोग नाही, पत्ता तपासला पाहिजे. ५०३ आला असता पत्ता तपासून उपयोग नाही, थांबले पाहिजे. संकेतच आला नाही, तर प्रथम आपल्याकडील जोडणी तपासली पाहिजे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. काही संकेतस्थळे चुकीचा संदेशही २०० या संकेताखाली पाठवितात. 'माहिती उपलब्ध नाही' असा मजकूर यशस्वी उत्तर म्हणून येतो. तेव्हा २०० याचा अर्थ 'उत्तर मिळाले' इतकाच घ्यावा, 'हवे ते मिळाले' असा घेऊ नये.

स्मरणशून्य सर्व्हर व कुकी

एचटीटीपीचे एक वैशिष्ट्य असे, की प्रत्येक विनंती स्वतःपुरती स्वतंत्र मानली जाते. आधीची विनंती कोणाची होती, तीत काय मागितले होते, हे प्रोटोकॉल लक्षात ठेवीत नाही. मोठ्या संख्येने येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटता याव्यात, यासाठी ही रचना सोयीची आहे. एक सर्व्हर बंद पडला, तरी दुसरा पुढील विनंती घेऊ शकतो.

परंतु गट क्रमांक पाठविताना आधी कर्जत तालुका निवडला होता, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. त्यासाठी आधीच्या निवडी प्रत्येक विनंतीसोबत पुन्हा पाठवाव्या लागतात अथवा सर्व्हरने दिलेले ओळखपत्र दाखवावे लागते. हे ओळखपत्र म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना ब्राउझरमध्ये आणली. रुग्णालयात केसपेपरचा क्रमांक सांगितल्यावर मागील नोंदी काढल्या जातात, तसेच हे आहे. कुकीत बहुधा केवळ क्रमांक असतो, तपशील सर्व्हरकडील नोंदीत असतात.

याचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. पहिला असा, की सर्व्हर या ओळखीची मुदत ठरवितो. अर्ज उघडून विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला शोधण्यास घरी गेला व तासाभराने परतला, तर भरलेली माहिती पडद्यावर तशीच दिसते, पण ओळख संपलेली असते. 'पाठवा' ही कळ दाबल्यावर त्यास पुन्हा प्रवेशपृष्ठ दिसते. यात यंत्राचा बिघाड नाही. सर्व कागदपत्रे आधी जमवूनच अर्ज उघडणे, हा त्यावर उपाय होय.

दुसरा परिणाम सामायिक संगणकाचा. बाजारपेठेतील सेवा केंद्रात अथवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर दिवसभरात अनेकजण काम करतात. ब्राउझरची खिडकी बंद केली म्हणजे ओळख संपतेच असे नाही. कुकी शिल्लक राहिल्यास पुढील व्यक्ती आधीच्या व्यक्तीच्या नावे व्यवहार करू शकते. म्हणून 'लॉगआउट' करणे आवश्यक आहे. त्या क्रियेने सर्व्हरकडील नोंद रद्द व्हावी, अशी अपेक्षा असते.

विनंती पुन्हा पाठविण्याचा प्रश्न

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वाधिक दुर्लक्षित भाग येथून सुरू होतो. विद्यार्थी परीक्षा शुल्क भरतो, चक्र फिरत राहते, उत्तर येत नाही. अशा वेळी पुढील तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते :

१. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही.

२. विनंती पोहोचली, पण तिच्यावरील कार्यवाही पूर्ण झाली नाही.

३. विनंती पोहोचली, कार्यवाही पूर्ण झाली, पण प्रतिसाद परतीच्या वाटेत हरवला.

ब्राउझरला या तिन्ही स्थिती सारख्याच दिसतात. उत्तर न येणे म्हणजे काम न होणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही, ही तक्रार बहुधा दुसऱ्या अथवा तिसऱ्या स्थितीतून उद्भवते. नोंदणीकृत पत्राची पोच न आल्यास पत्र हरवले की पोच हरवली, हे पाठविणाऱ्यास सांगता येत नाही, तसाच हा पेच आहे.

गेट विनंती पुन्हा केली तर नियमानुसार काही बिघडू नये. सातबारा दहा वेळा पाहिल्याने सातबाऱ्यात बदल होत नाही. पोस्ट विनंतीस मात्र हे अभय नाही. ती दोनदा पोहोचली, तर दोन अर्ज अथवा दोन भरणे होऊ शकतात. पान ताजे करताना 'अर्ज पुन्हा पाठवावा काय' असा प्रश्न ब्राउझर विचारतो, त्याचे कारण हेच होय. घाईत 'होय' म्हणणारा विद्यार्थी आपण काय मान्य करीत आहोत, हे जाणत नाही.

उत्तम रचनेच्या संकेतस्थळात प्रत्येक व्यवहारास आधीच एक स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हर नवी कार्यवाही न करता जुनेच उत्तर देतो. परंतु अशी व्यवस्था आहे किंवा नाही, हे बाहेरून समजत नाही. म्हणून वापरणाऱ्याने आधी 'माझे व्यवहार' अथवा 'अर्जाची स्थिती' हे पान उघडून पाहावे. ते पाहणे ही गेट विनंती असल्याने त्यात धोका नाही. नोंद आढळल्यास पावती पुन्हा काढावी. नोंद नसेल आणि खात्यातून रक्कमही गेली नसेल, तरच पुन्हा भरणा करावा. रक्कम गेली असूनही नोंद दिसत नसेल, तर व्यवहार क्रमांक व वेळ टिपून संबंधितांकडे चौकशी करणे इष्ट होय. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासाठी १५ रुपये शुल्क ठेवलेले होते. एवढ्या रकमेचा दुबार भरणा फारसा जाणवणार नाही. प्रवेश अथवा परीक्षा शुल्काची रक्कम दोनदा जाणे मात्र मजुरी करणाऱ्या कुटुंबास परवडणारे नाही.

सुरक्षित वहन व डिजिटल स्वाक्षरी

पत्त्यालगतचे कुलूप हे चिन्ह पाहून संकेतस्थळ विश्वासार्ह आहे, असा समज रूढ आहे. तो अर्धवट आहे. एचटीटीपीएस तीन गोष्टींची हमी देते : वाटेत मजकूर कोणी वाचू शकणार नाही, कोणी तो नकळत बदलू शकणार नाही आणि पत्त्यात जे नाव दिसते त्याच नावाच्या सर्व्हरशी बोलणे चालू आहे. त्या नावामागील व्यक्ती प्रामाणिक आहे, याची हमी त्यात नसते. शासकीय नावाशी साम्य असलेले खोटे संकेतस्थळही कुलपाचे चिन्ह दाखवू शकते. म्हणून कुलूप पाहण्याबरोबर नाव अक्षरशः वाचणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा काळाची. एचटीटीपीएसचे संरक्षण मजकूर वाटेवर असेपर्यंतच असते. उतारा संगणकावर उतरवून घेतल्यानंतर त्यात कोणी फेरफार केला, तर हे संरक्षण उपयोगी पडत नाही. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते. स्वाक्षरी करताना दस्तऐवजाच्या मजकुरावरून गणिताने एक संक्षिप्त संख्या काढतात व स्वाक्षरीकर्त्याच्या गुप्त किल्लीने ती बांधतात. मजकुरातील एक अंक जरी बदलला, तरी संख्या जुळत नाही व फेरफार उघडकीस येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा स्वाक्षरीस भारतात कायदेशीर मान्यता मिळाली.

थोडक्यात, एचटीटीपीएस हा सीलबंद लिफाफा आहे, तर डिजिटल स्वाक्षरी ही कागदावरील सही आहे. लिफाफा फोडल्यावर त्याचे काम संपते, सहीचे काम पुढे चालू राहते. छापून घेतलेल्या कागदावर मात्र गणिती पडताळणी होऊ शकत नाही. छापील प्रतीची खातरजमा मूळ अभिलेखाशी ताडूनच करावी लागते.

अंतर, विलंब व भूरचना

संकेतस्थळ मंद चालते तेव्हा सर्व्हर दूर आहे असे म्हटले जाते. याची आकडेवारीने तपासणी करता येते. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. कर्जत हे लोहमार्गाने मुंबईपासून १०० किलोमीटर आहे. सर्व्हर मुंबईत आहे असे मानले, तर जाण्या-येण्याच्या २०० किलोमीटरला सेकंदाचा केवळ एक हजारावा भाग पुरतो. सर्व्हर १२ हजार किलोमीटरवरील परदेशात असला, तरी ही फेरी सुमारे ०.१२ सेकंदात होऊ शकते. यास्तव कित्येक सेकंदांचा विलंब केवळ अंतराने होत नाही. मोबाइल व मनोरा यांमधील रेडिओ दुवा, त्या मनोऱ्यावरील गर्दी, वाटेतील रांगा व सर्व्हरवरील भार ही त्याची कारणे होत.

रेडिओ दुव्यावर भूरचनेचा परिणाम होतो. मोबाइल सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी डोंगराच्या आड सहज पोहोचत नाहीत. सपाटीवरील महामार्गालगतचे गाव आणि सह्याद्रीच्या कड्याखालील अथवा माथेरानच्या डोंगरउतारावरील वाडी यांच्या स्थितीत म्हणून फरक पडणे स्वाभाविक आहे. एखाद्या वाडीवर दुबळ्या दुव्यामुळे एका फेरीस ०.३ सेकंद लागतो, असे समजू. पत्ता शोधण्यास एक फेरी, टीसीपी संपर्कास एक, सुरक्षिततेच्या २०१८ मधील टीएलएस १.३ या आवृत्तीत एक आणि प्रत्यक्ष विनंतीस एक, अशा चार फेऱ्यांत १.२ सेकंद जातात. जुनी टीएलएस १.२ वापरल्यास आणखी एक फेरी वाढून १.५ सेकंद होतात. त्यानंतर पानाच्या ४० फाइली मागवावयाच्या असतील आणि एचटीटीपी १.१ खाली ब्राउझर एका वेळी सहा संपर्क ठेवीत असेल, तर किमान सात फेऱ्या, म्हणजे २.१ सेकंद लागतात. पुडकी हरवली, तर हा काळ कितीतरी वाढतो.

एचटीटीपी २ मध्ये एकाच संपर्कातून अनेक विनंत्या एकदम पाठविता येतात, त्यामुळे या सात फेऱ्या पुष्कळ कमी होतात. परंतु एक पुडके हरवले की टीसीपीच्या क्रमबद्धतेमुळे मागील सर्वांना थांबावे लागते. एचटीटीपी ३ मध्ये टीसीपीऐवजी क्विक हा प्रोटोकॉल वापरतात. संपर्क व सुरक्षितता यांची जुळणी त्यात एकाच फेरीत होते आणि एका फाइलचे पुडके हरवल्याने इतर फाइली अडत नाहीत. महाविद्यालयाच्या वाय-फायवरून मोबाइल जोडणीवर जाताना अंकपत्ता बदलला, तरी संपर्क टिकविण्याची सोयही त्यात आहे. याचा लाभ चांगल्या जोडणीपेक्षा दुबळ्या जोडणीवर अधिक जाणवतो.

फेऱ्या वाचविण्याचा सर्वांत सोपा मार्ग मात्र जुनाच आहे. बोधचिन्हासारख्या न बदलणाऱ्या फाइली ब्राउझर जवळ साठवून ठेवतो व सर्व्हरने सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुन्हा मागवीत नाही. हलक्या पानांची रचना करणे हा तांत्रिक तपशील नाही. वाडीवरील माणसास सेवा मिळणे अथवा न मिळणे त्यावर ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ब्राउझर व सर्व्हर यांचा व्यवहार पत्ता, संपर्क, सुरक्षितता, विनंती व प्रतिसाद अशा टप्प्यांत होतो. कोणत्या टप्प्यावर अडचण आली, हे पडद्यावरील संदेशावरून बहुतांशी ओळखता येते.

२. तीन अंकी संकेत हा दोष कोणाकडे शोधावा याचा पहिला पुरावा आहे. अडचणीची तक्रार करताना पडद्याचे चित्र, संकेत, दिनांक व वेळ यांची नोंद ठेवल्यास तक्रारीस आधार मिळतो. 'साइट चालत नव्हती' या विधानास तो मिळत नाही.

३. उत्तर न येणे म्हणजे कार्यवाही न होणे नव्हे. अर्ज अथवा भरणा पुन्हा करण्यापूर्वी स्थिती पाहणे अनिवार्य आहे.

४. कुलपाचे चिन्ह वाटेपुरते व नावापुरते आश्वासन देते. दस्तऐवजाचा खरेपणा डिजिटल स्वाक्षरीवरून ठरतो.

५. दुबळ्या जोडणीवर फेऱ्यांची संख्या निर्णायक असते. म्हणून डोंगराळ भागासाठी सेवा उभारताना पानाचे वजन व विनंत्यांची संख्या यांचा विचार प्रथम व्हावयास हवा.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य उद्भवते. प्रवेश व शिष्यवृत्तीच्या हंगामापूर्वी एखाद्या तासात हे टप्पे विद्यार्थ्यांना समजावून देता येतील. प्रयोगशाळेतील ब्राउझरमध्ये विनंत्या व त्यांचे संकेत दाखविणारी विकसक-साधने असतात; त्यांच्या साहाय्याने एका पानामागील सर्व विनंत्या प्रत्यक्ष दाखविता येतात. तलाठी कार्यालयात अर्ज कोठे अडला, हे विचारण्याचे धैर्य मागील पिढीने अनुभवातून मिळविले होते. नव्या पिढीस ते या माहितीतून मिळू शकेल.